भारी ग्राहक

इंटरनेटच्या तक्रारी ऐकायची नोकरी केली, की हेडफोन काढला तरी माणसं कानातून उतरत नाहीत. आमची छोटी कंपनी अहमदपूरची. नांदेडहून येणारी लाईन तेवढीच, ग्राहक मात्र वाढलेले. संध्याकाळ झाली की सगळं रखडायचं. जास्त वापरणाऱ्यांना समजवायचं काम माझ्याकडे, कारण सरांच्या मते माझा आवाज गरीब आहे! ग्राहक टिकले तर ऑफिस टिकेल, हे रोज ऐकायचं. आणि लहान लेकीला घेऊन घराजवळ दुसरी नोकरी कुठं शोधायची?

*

पहिलाच फोन लोह्याच्या खतवाल्या शेठना. तोंडावर ‘हेवी यूजर’ कसं म्हणणार? मी आपलं म्हटलं, “तुम्ही आमचे भारी ग्राहक आहात.”

“हाव का ताई! मग सत्कार कधी?”

*

लातूरच्या एका काकूंना समजावलं, “सगळे एकदम नळ सोडतात ना, तसं होतं. प्रेशर राहत नाही.”

“मंग आमचा वार सांगा की! न्हाईतर टँकर पाठवा!”

*

एका निवृत्त गुरुजींकडे दिवसभर टीव्हीवर कीर्तन चालू. मी विचारलं, “बघत नसाल तेव्हा बंद ठेवाल का?”

“बघत नाहीच मी. घरात कुणीतरी बोलून राहिलंय, एवढंच.”

सरांनी त्यांची लाईन हळू केली. थोड्याच दिवसांत गुरुजी राउटर परत घेऊन आले. स्वच्छ पुसून, मूळ खोक्यात.

“महाराज शब्दाशब्दाला अडखळायला लागले, बाई. बघवेना.”

*

एकदा सर स्क्रीनवरून वळले. “मॅडम, आजचा सगळ्यात भारी ग्राहक तुमच्याच घरी आहे!”

लेकीवर लक्ष ठेवायला मी कॅमेरा लावला होता. ऑफिसातून सारखी बघायची, त्यातूनच तिच्याशी बोलायची. शरमेनं काढून टाकला. दुसऱ्या दिवशी घरी आले, तर लेक भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघून रडत होती.

सासूबाई म्हणाल्या, “आई कुठं नेली, विचारून राहिली!”

*

मग मोठ्या कंपनीची वायर गल्लोगल्ली आली. एकेक ग्राहक तिकडे वळला. माझा फोन वाजेनासा झाला.

परवा वाजला. शिरूर अनंतपाळचे आप्पा. नातवाचा ऑनलाईन क्लास अडकतो म्हणून रोज भांडणारे.

“ताई, लाईन लई पळून राहिली की! काय केलं?”

“काही नाही, आप्पा.”

मग आवाज उतरवून म्हणाले,

“बाकीचे समदे गेले का?”