माहेरची नळी, सासरची नळी

आमची दुधाची बरणी सध्या पेट्रोल पिते.

बरणी स्टीलची, दीड लिटरची, आणि तिच्यावर ‘चि. कुंदाला मामाकडून’ असं कोरलेलं आहे. तिच्यावर ही वेळ कशी आली ते सांगते. पण आधीच कबूल करते, चूक माझी होती. (घरच्यांना हे वाक्य लेखी हवं होतं. घ्या!)

आमचे हे प्लांटमध्ये फिटर होते. रिटायर व्हायच्या सहा वर्षं आधी त्यांनी क्वार्टरच्या मागच्या अंगणात मोटारगाडी बनवायला घेतली. विकत नाही घेतली, बनवायला घेतली! सांगाडा पाइपांचा, सीटा दोन, टाकी प्रकाशभाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, वेल्डिंग करून दिलेली, इंजिन माझ्या दादाने त्याच्या गावच्या, रसमड्याच्या, भंगारातून शोधून आणलेलं. दोन्ही घराण्यांचा हात लागलेला, त्यामुळे नावं ठेवायची सोय नव्हती. मी आपली त्या सांगाड्यावर चादरी वाळत घालायची.

मग हे रिटायर झाले आणि महिनाअखेर क्वार्टरची चावी परत करायची ठरली. कुरुदला आमचं घर तयार होतं. सामान ट्रकमधून जाणार; गाडीचं काय?

“चालवत नेतो नं!”

“अन् नाही चालली तं?”

“चालनच!”

“नाही चालली तं कबाडीवाला. त्याच दिवशी. मी टोचन लावून गाडीची वरात काढणार नाही, सांगून ठेवते.”

यांचा चेहरा पडला. पण गडी शब्दाचा पक्का. “मंजूर,” म्हणाले.

गाडी सुरू व्हायची, सरळ चालायची आणि वळण आलं की खोकून बंद पडायची. कारण साधं होतं. वळताना टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळतं, आणि इंजिनाच्या घशात हवा जाते. त्यावर उपाय म्हणजे मधे एक लहान भांडं लावायचं. पेट्रोल त्यात गोल फिरतं, हवा वर जमते आणि वरच्या नळीने टाकीत परत जाते. खालच्या नळीने इंजिनाला निव्वळ पेट्रोल मिळतं. या भांड्याला म्हणतात स्वर्ल पॉट. दिवस उरले होते अकरा, आणि त्यातले आठ हे भांडं निवडण्यात गेले!

हे एका जागी बसेनात. मी पोळ्या लाटतेय, तर मागे उभे राहून, “कुंदा, एक लिटरचं घेऊ का दोनचं?” मी आंघोळीला गेले, तर दाराबाहेरून, “उंच बरं का बुटकं?” जेवताना उठून अंगणात जाऊन फूटपट्टी लावून यायचे, आणि आमटी गार! मोबाइलवर एक निळं चकचकीत पॉट सापडलं. पोचायला तीन आठवडे. प्रकाशभाऊजींनी जाड लोखंडी पाइपाचं एक बनवून आणलं, ते उचलायला दोघं लागले.

“ही तोफ हाय का भाऊजी?”

“वैनी, मजबूत हाय! गाडी फुटन, पर हे नाही फुटनार!”

दादा रसमड्याहून आग विझवायचा रिकामा लाल सिलिंडर घेऊन आला. “जवाईबापू, पेट्रोल ठेवाले याच्याहून सेफ काय असन?”

आता अंगणात तीन पुरुष आणि दोन भांडी. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. माझं डोकं फिरलं.

“उंच, अरुंद, गोल, घट्ट झाकणाचं. एवढंच पायजे नं तुमाले?”

तिघांनी माना हलवल्या. मी आत गेले, दूध पातेल्यात ओतलं, बरणी घासली आणि तिघांच्या मधे ठणकन आपटली. भाऊजींनी तिला फिरवून पाहिलं, बोटांनी मोजलं आणि म्हणाले, “वैनी, तुमी तं प्लांटमंदी इंजिनिअर पायजे होत्या!”

हे वाक्य ऐकून मी फुगले. पुढचा सगळा गोंधळ त्या फुगण्यातून झाला.

भाऊजींनी झाकण वेल्ड केलं, नळ्यांसाठी तोंडं काढली. बरणी सीटमागच्या अरुंद खोक्यात बसवली. आत हात जाईना. गेला तो माझाच. त्यामुळे नळ्या बरणीला मी जोडल्या, आणि त्यांची दुसरी टोकं गाडीखाली निघाली. टाकीतून येणारी नळी जाड, ती ओळखू यायची; पण वरची आणि खालची अगदी सारख्या, काळ्या! मागे यांनी ए, बी लिहिलं होतं आणि ए कोण, बी कोण तेच विसरले होते.

“मी लिहिते,” म्हटलं. “आंधळ्यालेही समजन असं लिहिते.”

पेट्रोल निघतं टाकीतून, आयुष्य काढतं इंजिनात. म्हणजे टाकी हे माहेर, इंजिन हे सासर. पांढऱ्या पट्ट्यांवर ठळक अक्षरांत लिहून वरच्या, टाकीकडे परतणाऱ्या नळीला ‘माहेर’ आणि खालच्या, इंजिनाकडच्या नळीला ‘सासर’ चिकटवलं. कोणत्याही बाईला क्षणात कळलं असतं. गाडीखाली दुसरी टोकं जोडणारे हे काही बाई नव्हते, एवढं माझ्या लक्षात आलं नाही!

शेवटचा दिवस उजाडला. ट्रक भरला. गल्ली जमली. कबाडीवाला ठेला घेऊन फाटकाशी हजर. (मीच बोलावलेला.) दादाने नळीतून बरणी पेट्रोलने तोंडोतोंड भरली. यांनी चावी फिरवली आणि गाडी काय गुरगुरली! टाळ्या! फाटकापर्यंत ऐटीत गेली, वळली... खॉक. खॉक. बंद.

दहा वेळा चावी फिरवून झाली.

“भाभी,” कबाडीवाला हळूच म्हणाला, “पूरी ले जाऊँ, कि काट के?”

हे उतरले, आणि चावी माझ्या हातात ठेवली. “तुहं खरं झालं,” एवढंच बोलले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

भांडले ते दुसरेच. “इंजनातच दम नाही!” भाऊजी म्हणाले. “टाकीत कचरा असन!” दादा म्हणाला. दोन्ही घराणी एकमेकांसमोर उभी! मी पदर खोचला आणि सरळ गाडीखाली सरकले.

आणि पाहते तर काय!

“आवो! माहेरची नळी इंजनाले कावून लावली?”

“मंग कुठी लावू?” हे खाली वाकून म्हणाले. “इंजन कोनं आनलं? तुह्या भावानं. तुह्या माहेरचंच नं?”

“अन् सासरची?”

“टाकीले. टाकी प्रकाशनं बनवली. तुहं सासर!”

मी गाडीखालीच पडून राहिले. बाहेर येण्यासारखं तोंड नव्हतं. म्हणजे दादाने बरणीत भरलेलं पेट्रोल फाटकापर्यंत पुरलं. पुढे टाकीतून निघालेलं पेट्रोल बरणीत एक चक्कर मारून निमूट टाकीत परत जात होतं, आणि इंजिनाला मिळत होती वर जमलेली हवा!

“मी पेट्रोलचं माहेर लिहिलं होतं,” मी खालूनच सांगितलं.

“पेट्रोलले कायचं माहेर, कुंदे?” दादाचा आवाज आला. मग भाऊजी हसले, मग दादा, मग गल्ली. कबाडीवाला ठेला धरून हसत होता.

नळ्यांची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ हे पाना हातात घेऊन नाचत होते. गाडी खोकली, सुरू झाली, वळली, आणखी वळली आणि थेट कुरुदच्या दारात जाऊन थांबली. कबाडीवाल्याला मी लाल सिलिंडर दिला. बोलावलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

आता मी “चार दिवस माहेरी जाते” म्हटलं, की हे पेपरातून मानही वर करत नाहीत. “कोनीकडं? इंजनाकडं का टाकीकडं?” एवढंच विचारतात.

आणि खरं सांगते, उत्तर द्यायच्या आधी मलाही क्षणभर विचार करावा लागतो!