सुलक्षणाताई आणि नंदुरबारचं नाव

सुलक्षणाताई आमच्या नाचाच्या गटात आल्या त्या खांद्यामुळे. जळगावात त्यांची विद्यार्थ्यांसाठी खानावळ आहे. वर्षानुवर्षं कणीक मळून उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी हात हलता ठेवा म्हणून सांगितलं, आणि कुणीतरी त्यांना हितेंद्र सरांकडे पाठवलं. सर शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी हा गट सुरू केला. नाच येत नसला तरी चालतं. स्टेप ठरलेल्या नसतात. एकाने एखादी आठवण सांगायची आणि बाकीच्यांनी ती तिथल्या तिथे, सुचेल तशी अंगाने उभी करायची. नियम एकच, हॉलमध्ये बोललेलं बाहेर न्यायचं नाही.

मी विधी, त्यांची नाचातली जोडीदारीण. कापड दुकानवाल्या मारवाडी घरातली सून. मी संध्याकाळी बाहेर पडले की सासरचे एकमेकांकडे बघतात, त्यामुळे संशयाची नजर मला नवी नव्हती. पण ती ताईंच्या डोळ्यांत दिसेल असं वाटलं नव्हतं. भार टाकण्याचा सराव असला की ताई पूर्ण अंग सोडून माझ्या पाठीवर रेलायच्या. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या घरात कुणी टाकलेला नाही.

एका संध्याकाळी त्यांनी आठवण सांगितली. त्यांचं माहेर साक्री तालुक्यातलं. धाकटी बहीण पुनम हिने जातीबाहेर लग्न केलं. थोरला भाऊ चिंधा याने ती मेली असं जाहीर केलं आणि तिचं नाव घ्यायलाही सगळ्यांना बंदी केली. ताई मात्र तिला अधूनमधून चोरून भेटत होत्या, एका बसस्टँडवर. स्टँड कुठला ते त्यांनी सांगितलं नाही. दोघी बाकावर बसून डबा खायच्या आणि आपापल्या बसने निघायच्या.

त्यावरून आमचा एक छोटा प्रयोग तयार झाला. शब्द नाहीत, नावं नाहीत, फक्त ताई आणि मी, बाकावर डबा खाऊन वेगळ्या होणाऱ्या दोघी. दोन-चार गावांत तो केला. साक्रीच्या बाजारातही केला. तिथे तोबा गर्दी होती.

पुढे काही आठवड्यांनी ताईंना चिंधाभाऊंचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "तू पुनमले भेटस ना?"

ताईंनी घाबरून फोन कापला. त्यानंतर भावाचा एकही फोन त्यांनी उचलला नाही.

"हे फक्त त्या हॉलमध्ये बोलले होते मी," मला त्या म्हणाल्या. म्हणताना माझ्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं मला आवडलं नाही.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये सर, मी आणि गटातले वनाभाऊ एवढेच होतो; संशय घ्यायला सगळ्यात सोपे होते वनाभाऊ. यावलचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अबोल माणूस. त्यांची बहीण चिंधाभाऊंच्याच गावात दिलेली. पण ताईंनी लगेच आरोप केला नाही. त्यांनी गळ टाकले. मला बोलता बोलता सांगितलं, पुनम सुरतला राहते. हितेंद्र सरांना सांगितलं भुसावळ. वनाभाऊंना नंदुरबार. तिन्ही खोटं. यातलं कुठलं गाव माहेरच्या तोंडून ऐकू येतं, याची त्या वाट बघत राहिल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की सरावात ताई माझ्यावर रेलत नाहीत. पाठ टेकवतात, पण पाय घट्ट रोवलेले. सरांनी डोळे मिटा म्हटलं की ताईंचे किलकिलेच असायचे. आम्हीही हळूहळू तसेच झालो. कोण जिन्यात फोनवर बोलतंय, कोण कुणाबरोबर चहाला गेलं, याकडे माझं लक्ष जायला लागलं. वनाभाऊंनी एकदा बहिणीला फोन लावला तेव्हा मी चप्पल शोधायचं निमित्त करून तिथेच रेंगाळले.

भावाचा फोन घेत नसल्या तरी वहिनीशी ताईंचं बोलणं होतं. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ कुठे आहे?"

"त्या नंदुरबारले गयात," वहिनी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर ताई वनाभाऊंपुढे उभ्या राहिल्या.

"माझ्या बहिणीचं काही बरंवाईट झालं तर ते तुमच्यावर, वनाभाऊ."

"मी काय केलं?"

"नंदुरबार मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

वनाभाऊंनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले.

चिंधाभाऊ जळगावला आले ते पुढच्याच आठवड्यात, दुपारी, पोरं जेवून गेल्यावर. त्या दिवशी खांद्याला तेल लावून द्यायला मी खानावळीत होते. उंच, वाकलेला म्हातारा दारात उभा राहिला. ताईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"नंदुरबारला कशाला गेला होतास?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"मिरच्या इकाले," ते म्हणाले. या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"मग पुनमचं तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नही. तू साक्रीना बजारमा नाचनी, मी मांगे उभा व्हतू." ते खाली बसले. "शाळामा जातांना ती आशीच उलटी चाले, मायकडे तोंड करीसन. माले तठे पुनम दिखनी."

प्रयोगाच्या शेवटी माझ्यापासून दूर जाताना ताई उलट्या पावलांनी चालायच्या. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. सुचलं म्हणून केलं आणि राहिलं. ती पुनमची चाल आहे हे तोवर त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"बरी शे का ती?" चिंधाभाऊंनी विचारलं.

"बरी आहे."

"कोठे ऱ्हास?"

ताई ताट घ्यायला वळल्या. मी त्या म्हाताऱ्याचा चेहरा निरखत होते. तो खरंच हळवा झालाय की पत्ता काढायला आलाय, मला सांगता येत नव्हतं. ताईंनाही येत नसावं. त्यांनी ताट वाढलं, पाणी दिलं, पण गावाचं नाव काही सांगितलं नाही. जेवून ते संध्याकाळच्या बसने परत गेले.

नंतर आम्ही दोघी यावलला गेलो. वनाभाऊंनी बसायला खाट दिली, चहा दिला, घरची केळी पुढे केली. ताईंनी हात जोडून माफी मागितली. "तुमच्या जागी मीही असाच घाबरलो असतो," ते म्हणाले. पण गटात परत आले नाहीत. माझ्याशी तर ते फारसं बोललेच नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या भेटीत बसस्टँडवर ताईंनी पुनमला सगळं सांगितलं. भाऊ आला होता, तुझी चौकशी केली, ताट समोर असून बराच वेळ घास उचलला नाही. पुनमने ऐकून घेतलं. ती समोर लागलेल्या बसमधून उतरणारी माणसं बघत होती.

"एकटाच आला होता का?" तिने विचारलं.

"हो, एकटाच."

"तरी थोडं थांब," पुनम म्हणाली. "पुन्हा आला तर बघू."