भिंतीतून जाणारी नळी

बाळांनो, हे आजच लिहून ठेवते, कारण पुढच्या खेपेला पाणी सुटेल तेव्हा आपल्या अंगणातला नळ जागेवर असेल की नाही, मला सांगता येत नाही. फोनवर तुम्ही विचारता, "आजी, बरी आहेस ना?" मी हो म्हणते. ते पूर्ण खरं नसतं.

अंगणाच्या भिंतीत, नळाशेजारी, एक भोक आहे. धाकटीचा चेंडू त्यातच अडकला होता. ते तुमच्या आजोबांनी आणि पलीकडच्या फळवाल्यांनी मिळून पाडलं, कारण त्यांच्या गल्लीत पाइपलाइन पोचलीच नव्हती. तेव्हापासून पाणी आलं की आपली नळी आधी त्यांच्याकडे जाते. त्यांचं खटलं मोठं. हौद भरला की भिंतीवर थाप पडते आणि मी नळी ओढून घेते.

या उन्हाळ्यात भोंगा लावलेली रिक्षा फिरली. पाणीपट्टी वाढणार, आणि एका नळावर दोन घरं पाणी भरताना आढळली तर नळ तोडणार. हरकत असल्यास लेखी द्यावी. पट्टी पेन्शनीतून भागली असती. धास्ती होती ती 'तोडणार' या शब्दाची. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. टँकरमागे घागर घेऊन धावणं आता होणार नाही. दारात चप्पल वाजली तरी माझं लक्ष आधी नळीकडे जायचं. मी तिच्यावर ओलं लुगडं टाकून ठेवू लागले.

मग पाण्याचा दिवस आला. नळातून हवा फुसफुसली. नळी घेऊन भिंतीशी गेले, तर भोक बुजवलेलं. पलीकडून सिमेंट भरलं होतं. बोट लावलं, ओलं होतं.

"भाभी! हे काय केलंस?"

फळवाल्यांची सून भिंतीपलीकडेच उभी होती. "तुमचं तुमी भरा मावशी. आमी टँकर सांगितलाय."

"टँकर कुठाय?"

"येईल की."

"आणि घरात बाळंतीण आहे, तिचं काय?"

"बाळ नखाएवढं हाय. त्याला किती लागतंय पाणी!" ती हसली, पण लगेच तिचा आवाज उतरला. "आमच्यापायी तुमचा नळ तुटला, तर मला घास गिळवंल का, मावशी?"

मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि सिमेंट खरवडू लागले. नळ चालू होता, पाणी मोरीत वाहून चाललं होतं. भोकातून उजेड आला तशी ती म्हणाली, "लई हट्टी हाव तुमी. साहेब आला तर काय सांगायचं?"

"खरं सांगायचं."

एवढं म्हणाले आणि नळी भोकातून पलीकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. हरकतीत लिहिलं की आमच्या नळावर दोन घरं पाणी पितात. दोन्ही घरांची वाढीव पट्टी लावा, पण नळ तोडू नका. खाली सही केली.

कारकुनाने कागद दोनदा वाचला. "आजी, लोक लपवायची धडपड करतात आणि तुम्ही लिहून देताय?"

"मग काय होईल?"

"साहेब येऊन बघतील. आत्ताच काय सांगणार?"

घरी आल्याबरोबर भिंतीशी जाऊन भाभीला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "चोरानं आपल्या पायानं चौकीत जावं, तसं केलं तुमी. एवढं शिकून!"

साहेब अजून आलेले नाहीत. गाडी गल्लीत वळली की आम्ही दोघीही भिंतीच्या दोन बाजूंना कान देऊन उभ्या राहतो. नळीवरचं लुगडं मात्र मी काढून टाकलं आहे.

आज सकाळी पाणी आलं. नळी आधी पलीकडे गेली. थाप पडली, मग आपला हौद भरला. नळ अजून आहे, आणि भिंतीतलं भोक उघडं आहे.