अनुमोदकाचा हात

वॉर्डात त्याला अनुमोदक म्हणतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला वेळ कुणाला? "अनुमोदकांकडे जा, फोटोला काच लावून देतील," असंच लोक एकमेकांना सांगतात. धंदा फ्रेमांचा. लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, शाळेची प्रशस्तिपत्रकं, कुणाच्या नातीने काढलेलं वाकडंतिकडं घर, काहीही आणा, तो चौकटीत बसवून देतो. चित्रात काय होतं हे संध्याकाळी विचाराल तर त्याला आठवणार नाही. पट्टी कुठली लावली आणि कोपरा कसा जुळला, हे मात्र दहा वर्षांनीही सांगेल.

नाव पडलं त्याला वीस वर्षं झाली. वॉर्डाची सभा दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरते. खुर्चीत नगरसेवक किंवा नगरसेविका, शेजारी वही उघडून कारकून, समोर पन्नास-साठ रहिवासी. ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे "मलाही मान्य" म्हणून हात वर करणारा. अनुमोदक मिळाला नाही तर मतदानच होत नाही, ठराव तिथेच बारगळतो. हा पहिल्यांदा सभेला गेला तेव्हा गटाराच्या झाकणांचा ठराव आला होता. कारकुनाने विचारलं, "अनुमोदक?" आणि सगळे मूग गिळून बसले. मांडणारा बिचारा उभ्याउभ्या कानकोंडा झाला. याला ते बघवेना, म्हणून याने हात वर केला. पुढच्या सभेपासून "अनुमोदक?" म्हटलं की साठ माना याच्याकडे वळायला लागल्या.

आणि खोटं कशाला बोला, याला ते आवडायलाही लागलं. दिवे, झाकणं, गतिरोधक, बागेचं कुंपण, सगळ्याला याचं अनुमोदन. वहीच्या पानापानावर याचं नाव, वडिलांच्या नावासकट. बायको म्हणायची, "वॉर्ड शिंकला तरी तुमचा हात वर. मी पाच वर्षं स्वयंपाकघरातला नळ बदला म्हणतेय, त्याला मात्र अनुमोदक मिळत नाही." तो हसायचा. नळ अजून गळतो.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरी तिचीच आहे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा चार वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालून, जेवू घालून, पाटीवर पूर्ण नाव लिहायला शिकवलं ते ताईने. वडिलांच्या नावातलं जोडाक्षर त्याला जमायचं नाही, तर त्याचा हात धरून तिने ते शंभर वेळा गिरवून घेतलं होतं. लग्न होऊन ती गेली ती पाण्याच्या टाकीपलीकडे, म्हणजे शेजारच्याच वॉर्डात. पुढे नवरा गेला, मुलगी परगावी गेली, आणि ताईने नेम धरला. रोज पाच वाजता घरून निघायचं, टाकीला वळसा घालायचा, विजेच्या पेटीजवळच्या बाकावर पाच मिनिटं टेकायचं, जरा दम खायचा आणि साडेपाचला भावाच्या दुकानात हजर. रिक्षा करत नसे. "माहेरी जायला रिक्षा कशाला? मी काय पाहुणी आहे?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

दुकानात ती नुसती बसायची नाही. फ्रेम ठोकताना बारीक खिळे सांडतात, केसाएवढे बारीक, आणि भुशात दिसत नाहीत. ताई स्टुलावर बसून लोहचुंबक जमिनीवरून फिरवायची, खिळे गोळा करायची आणि डब्यात टाकायची. वाकडे वेगळे, सरळ वेगळे. तोंडाने अखंड बडबड. हा काच कापता कापता "हं, हं" करायचा. काय बोलली ते विचाराल तर सांगता यायचं नाही, पण ती बोलत असली की त्याची काच कधी वाकडी तुटत नसे.

त्या सभेच्या दिवशी त्याच्या मांडीवर एक फ्रेम होती. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं मानपत्र, सभेतच द्यायचं होतं. आणि ऐन वेळी याच्या लक्षात आलं की खालचा डावा कोपरा किंचित उघडा राहिलाय. कुणालाही दिसला नसता. याला दिसला, आणि मग याचा जीव त्या कोपऱ्यातच अडकला. तो नखाने ती फट चाचपत बसला.

सभेत बोलणं चाललं होतं सुरक्षिततेचं. महिन्यापूर्वी विजेच्या पेटीजवळ एका बाईची पर्स हिसकावली होती. तिथे संध्याकाळनंतर टोळकी बसतात, आरडाओरडा करतात, बायकांना त्या बाजूने जायची भीती वाटते. तक्रार खोटी नव्हती. औषधाच्या दुकानदाराने ठराव मांडला आणि कारकुनाने तो आपल्या भाषेत वाचला: "विद्युत पेटीनजीकची आसनव्यवस्था निष्कासित करून त्या ठिकाणी कॅमेरा बसवणे." निष्कासित! कारकुनांना कुठलीही वस्तू नुसती काढता येत नाही. बाक म्हटलं असतं तर कदाचित याचे कान टवकारले असते. आसनव्यवस्था हा शब्द डोक्यावरून गेला.

"अनुमोदक?"

याने कोपऱ्यावरची नजर न काढता हात वर केला.

चौथ्या दिवशी दोन माणसं आली, गॅसच्या ज्योतीने बाकाचे पाय कापले आणि बाक टेम्पोत टाकून घेऊन गेली. जमिनीतून बोटभर उंचीचे चार लोखंडी खुंट तेवढे राहिले. पेटीवर नोटीस चिकटवली: ठराव, तारीख, सूचक, अनुमोदक.

त्या संध्याकाळी ताई आली ती धापा टाकत. हा काच कापत होता. "दमलीस?" त्याने न बघता विचारलं. "नाही रे," ती म्हणाली. त्या दिवशी ती फार बोलली नाही. खिळे वेचले, डबा जागेवर ठेवला, आणि नेहमीपेक्षा लवकर निघाली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला.

"गुडघे दुखतायत," ताई म्हणाली.

"बरं, आराम कर," हा म्हणाला.

आराम कर! माणसाला कधी कधी आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, ते अशा वाक्यांसाठी. पण ते फार नंतर. तेव्हा हंगाम होता, निकाल लागले होते, प्रशस्तिपत्रकांचा ढीग पडला होता. एका रविवारी तो बायकोला घेऊन रिक्षाने ताईकडे जाऊन आला. ताईने चहा केला, विचारपूस केली, पण कशी? "तुमचं सगळं बरं आहे ना?" असं. एकट्या त्याच्याकडे बघून ती "तुमचं" म्हणाली. परतताना बायको म्हणाली, "ताईंचं काहीतरी बिनसलंय."

"गुडघे," तो म्हणाला.

"गुडघ्यांनी माणूस तुम्ही-आम्ही करत नाही," बायको म्हणाली.

दोन महिने असेच गेले. मग एक दिवस दुकानात चपला काढून काम करताना त्याच्या टाचेत खिळा घुसला. तो खाली बसून खिळा काढायला लागला तर भुशात सगळीकडे खिळेच खिळे. दोन महिने कुणी वेचलेच नव्हते. तो तसाच उठला, पायाला फडकं गुंडाळलं आणि लंगडत ताईच्या घराकडे निघाला. अर्ध्या वाटेवर पाय ठणकायला लागला, म्हणून सवयीने टेकायला जागा शोधली. समोर चार खुंट होते. त्याने नोटीस वाचली. खाली स्वतःचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, जोडाक्षरासकट.

ताईकडे जायचा धीर झाला नाही. तो उलटा फिरला तो थेट नगरसेविकेच्या कार्यालयात.

बाई भली होती. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं. "काका, पण अनुमोदन तुम्हीच दिलंत ना?"

"दिलं. ऐकलं नव्हतं."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठराव झालाय, मला एकटीला फिरवता येणार नाही. पुढच्या सभेत नवा मांडा. अनुमोदक मिळाला की मी मतदानाला घेते."

आयुष्यात पहिल्यांदा तो सूचक झाला. कारकुनाला शब्दांची चलाखी करू न देता त्याने स्वतः लिहिलं: "म्हाताऱ्या माणसांना वाटेत टेकायला पेटीजवळ बाक परत हवा." घरोघरी जाऊन सांगितलं. लोक गोड बोलले. "बघू या की," म्हणाले. पण कॅमेरा लागल्यापासून कोपरा शांत झाला होता, आणि शांत झालेलं कुणाला उकरून काढायचं नव्हतं. सभेच्या दिवशी बायको ताईला रिक्षातून घेऊन आली. वरच्या हॉलच्या सोळा पायऱ्या चढायला ताईला चार वेळा थांबावं लागलं. ती शेवटच्या रांगेत बसली.

त्याने ठराव वाचला.

"अनुमोदक?" कारकुनाने विचारलं.

आणि साठ माना याच्याकडे वळल्या. सवय! मग लोकांच्या लक्षात आलं. कुणीतरी म्हणालं, "अहो, अनुमोदक तर हेच!" आणि हॉलभर हशा पिकला. वाईट हशा नव्हता, खरंच गंमत वाटली होती त्यांना. तो मात्र कागद धरून उभा होता, वीस वर्षांपूर्वीच्या त्या झाकणवाल्यासारखा, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ज्यांच्या ज्यांच्या ठरावांना याने हात दिला होता ते सगळे समोर होते. औषधवाला बुटाची नाडी बांधायला लागला.

बायकोने हात वर केला.

"एका घरातली दोघं चालत नाहीत, वहिनी," कारकून म्हणाला. "नियम आहे."

मग मागच्या रांगेतून आणखी एक हात वर आला. बारीक, सुरकुतलेला.

"आजी, तुम्ही कुठल्या वॉर्डाच्या?"

"टाकीपलीकडच्या."

"मग तुम्हाला इथे हात वर करता येत नाही."

ताईने हात खाली घेतला नाही. म्हणाली, "माझं माहेर याच वॉर्डात आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. नगरसेविकेने कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने यादीकडे. यादीत माहेराचा रकाना नव्हता. घरची म्हणून एक बाद, बाहेरची म्हणून दुसरी बाद. कारकुनाने वहीत लिहिलं, अनुमोदकाअभावी ठराव बारगळला, आणि पुढचा विषय घेतला.

जिना उतरून खाली आल्यावर बायको रिक्षा बघायला गेली. ताई वाचनालयाच्या पायरीवर बसली. हा तिच्या शेजारी बसला.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "तेव्हा हात का वर केलास रे?"

"ऐकलंच नव्हतं गं, ताई. फ्रेमचा कोपरा बघत होतो."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

"ऐकलं नव्हतंस?"

"नाही."

"आणि मी आपली नोटीस वाचून समजले..." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "म्हटलं, रोज उठून येते, कंटाळला असेल. तोंडावर कसं सांगणार? म्हणून बाक काढायला लावला. वाटलं, मुद्दाम लिहिलंय माझ्यासाठी. आपल्या बाबांचं नाव होतं ना खाली."

त्याला रडू आलं. भर रस्त्यात, वाचनालयाच्या पायरीवर, साठीला टेकलेला माणूस हुंदके देऊन रडला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, "अरे वेड्या, गुडघे पण दुखत होतेच."

ताई उद्या येते म्हणाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पाच वाजता हा दुकानातलं स्टूल घेऊन चार खुंटांपाशी जाऊन उभा राहिला. म्हटलं, वॉर्डाने नाही दिला तर नाही दिला, आपण रोज स्टूल आणू. साडेपाच झाले, सहा झाले. शेवटी तोच स्टूल घेऊन तिच्या घरी गेला. ताई फाटकापर्यंत आली होती आणि फाटक धरून उभी होती. तिथून पुढे पाय उचलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, गुडघे आधीचेच होते, पण रोजच्या चालण्याने टिकले होते. या वयात तीन महिने पाय बसले की परत उठत नाहीत.

आता हा रोज पाचला दुकान बंद करून तिच्याकडे जातो. जाताना दिवसभराचा भुसा वर्तमानपत्रात बांधून नेतो. ताई खाटेवर बसून ताटात भुसा पसरते, चुंबक फिरवते, खिळे वेचते. वाकडे वेगळे, सरळ वेगळे. बडबड पूर्वीसारखीच, आणि आता याला शब्द न् शब्द विचाराल तर सांगता येतो. सभेला जाणं त्याने सोडलं आहे.

निघायच्या वेळी ताई डबा त्याच्या हातात देते आणि रोज एकच सांगते, "उद्या तू येऊ नकोस. उद्या मीच येईन."

तो नीट ऐकून घेतो. मग म्हणतो, "ये. मी वाट बघतो."