बोटाने पारखलेली गाठ

कबनूरच्या एका यंत्रमाग कामगाराच्या मांडीतली गाठ मी नुसती बोटाने दाबून चरबीची ठरवली आणि सोनोग्राफीही न करता कापायला घेतली. भूल मांडीपुरतीच दिलेली, त्यामुळे तो टक्क जागा होता आणि तांबड्या रश्शात खोबरं किती घालावं यावर मी त्याला टेबलावरच प्रवचन देत होतो. चरबीची गाठ कशी, पिवळीधमक असते, अलगद सुटून हातात येते. इथं मात्र स्नायूच्या आत काहीतरी करडं, चिवट, मासळीच्या मांसासारखं दिसलं आणि माझं खोबरं घशातच राहिलं. “डॉक्टर, गप का झालासा?” त्याने विचारलं. कॅन्सर असला आणि मी तसाच ओरबाडत सुटलो, तर तो मांडीभर पसरणार, पाय जाणार, कदाचित माणूसही. “पावणं, तपासायला तुकडा तेवढा घेतो,” असं कसंबसं म्हणून मी टाके घातले. रिपोर्टात क्वचित दिसणारा कॅन्सरच निघाला, पण तज्ज्ञांनी पुढची शस्त्रक्रिया नीट केली आणि पाय वाचला. परवा तो बायकोला घेऊन आला. तिच्या दंडावर गाठ होती. मी ती दाबून पाहिली आणि सोनोग्राफी लिहून दिली. “साधीच असंल की, हात लावून सांगा की,” ती म्हणाली. त्याने तिला कोपराने ढोसलं, “ह्यास्नी बोटानं कायबी कळत न्हाय गं, मशीनच लावाय लागतंय.”