फक्त धुवायचं राह्यलंय

भांडे घासायच्या पावडरीचा वास आला की जालन्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. मी तिथं शिपाई. संशोधनवाल्या ताई फोनवर कुणाला तरी म्हणल्या, "आता फक्त धुवायचं राह्यलंय," अन् जेवायला गेल्या. मंग म्या शहाण्यानं काळ्या पाण्याची बाटली ओतून, घासून चकचकीत केली. त्यात ग्राफीन ऑक्साइड नावाची कार्बनची भुकटी होती, तिला मोसंबीचा रोग वळखणारे डीएनएचे तुकडे चिकटवल्ते, अन् धुवायचे होते ते फक्त न चिकटलेले, हे मला शिव्यांतून कळलं. "मामा, वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवलं तुम्ही!" "न्हाई ताई, पाणी कमी, पावडरच जास्ती होती." त्यांनी ब्रश फेकला, बराबर माझ्या कपाळावर बसला. आता त्या तिथंच मोठ्या मॅडम हायेत, मला पाह्यलं की आधी कडी लावतात, मंग आतून इचारतात, "काय काम हाय?"