आत्याचं लिव्हर

एक काळ असा होता, की मुलुंडच्या आमच्या घरी कुणी लाडवांचा डबा घेऊन आलं की आई त्याला दारातूनच परत पाठवायची. चहालासुद्धा थांबवायची नाही. खरं तर माझी आई पोस्टमनलाही पाणी विचारणारी बाई, पण त्या दिवसांत तिने पाहुण्यांची चांगलीच धास्ती घेतली होती. आज ते आठवलं की हसू येतं, आणि त्या दिवसांची ओढही वाटते. इतकं घाबरलेलं आणि तरी इतकं गजबजलेलं आमचं घर पुन्हा कधी झालं नाही.

बाबांचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. लिव्हर गेलं म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न दारूचा विचारायचे, तोही आवाज खाली आणून, जणू आम्हाला सांभाळून घेतायत. माझं डोकंच फिरायचं. बाबा आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. त्यांना हिपॅटायटीस सी होता. तरुणपणी गिरणीत असताना यंत्राच्या पट्ट्यात त्यांचा हात सापडला, खूप रक्त गेलं आणि दुसऱ्याचं रक्त चढवावं लागलं. तेव्हा रक्त घेताना हा विषाणू तपासणार कोण, तो अजून कुणाला सापडलाच नव्हता. ज्या रक्ताने बाबा वाचले त्याच रक्तातून तो आत शिरला आणि मुकाट बसून राहिला. गिरणी बंद पडली, बाबा भांडुपच्या एका कारखान्यात लागले, लग्न झालं, मी झाले, तरी त्याने काही दाद लागू दिली नाही. पोटात पाणी साठून डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे आम्हाला त्याचं नाव कळलं, आणि त्याच भेटीत डॉक्टरांनी लिव्हर बदलावं लागेल असं सांगितलं.

जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून दुसऱ्याला बसवता येतो आणि दोघांचंही लिव्हर पुन्हा वाढतं, हे मी मायक्रोबायोलॉजी शिकत असूनही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. तुकडा नात्यातल्याच कुणी द्यायचा. आईचा आणि माझा रक्तगट जुळेना. राहिली एकच, वाकोल्याची आत्या. बाबांची धाकटी बहीण. तिला कुणी विचारायला गेलंच नाही; तीच आली आणि चप्पल काढताकाढता म्हणाली, की कधी यायचं ते सांगा, मला कपडे धुवायचे असतात. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मान हलवली. तिने आधी ठरवायचं आणि त्यांनी मग मान हलवायची, हा त्यांच्या संसाराचा रिवाजच होता.

तपासण्यांत सगळं उत्तम निघालं, एक सोडून. आत्याच्या लिव्हरमध्ये चरबी होती. डॉक्टरांनी समजावलं, की असा तुकडा घेणाऱ्याच्या अंगात नीट काम करत नाही आणि देणारीलाही धोका असतो. भात, साखर, तेलकट कमी करा, चाला, महिन्याने पुन्हा स्कॅन करू. आत्याने मन लावून ऐकलं. पण वाकोल्यातल्या त्यांच्या चाळीत संध्याकाळपर्यंत बातमी पोचली ती एवढीच, की ही भावाला लिव्हर देणार आहे.

आमच्याकडे कुणाच्या अंगातून काही जाणार असलं, बाळंतपण असो की ऑपरेशन, तर त्याला खाऊ घालायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. शेजारणीने डिंकाचे लाडू आणले. समोरच्या खोलीतली, मूळची अकोल्याची बौद्ध कुटुंबातली ताई साजूक तुपातला शिरा करून द्यायची. गावाहून खोबऱ्याच्या वड्या आल्या. काका रोज संध्याकाळी कोंबडीचा रस्सा स्वतः रांधायचे, वर तेलाचा लाल तवंग. आणि आत्याने डॉक्टरांचं पथ्य अगदी काटेकोर पाळलं होतं! भात सोडला, चहातली साखर सोडली, पापडाकडे बघितलं नाही. लाडू तिच्या लेखी खाणं नव्हतंच, ते ताकदीचं औषध होतं.

दुसऱ्या स्कॅनमध्ये चरबी वाढलेली निघाली. मी तिच्यासोबत होते. डॉक्टरांनी दिवसभरात काय काय खाता ते विचारलं. आत्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, उलट शिऱ्याचं कौतुकही केलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, की भावाकडे फार वेळ नाही आणि ही चरबी उतरली नाही तर मी तुम्हाला हात लावणार नाही.

"म्हणजे मी खाल्लं म्हणून तो जाणार?" आत्याने विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या स्कॅनची तारीख लिहून दिली. त्याच संध्याकाळी पिशवी भरून ती आमच्याकडे राहायला आली. आई दारावर उभी राहिली ती तेव्हापासून. वाकोल्याहून डबे मुलुंडपर्यंत यायचे, कारण आत्या भावाकडे गेल्यामुळे तिच्या खाण्याची आबाळ होणार अशी सगळ्यांची खात्री होती.

मग रोज पहाटे आम्ही दोघी मिठागरांच्या बाजूच्या रस्त्याने चालायचो. आत्या साडीवर कॅनव्हासचे बूट घालायची आणि कुणी वळून पाहिलं तर त्याच्याकडे रोखून बघायची. चालताना ती जुन्या गोष्टी सांगायची. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा बाबा नुकते गिरणीत लागले होते. पाळीवरून येऊन ते भाकऱ्या थापायचे, त्या नेहमी एका बाजूला जळायच्या, आणि न जळलेली बाजू तिला मिळायची. अपघात झाला तेव्हा ती हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून राहिली होती आणि कुणी उठवलं तर चावेन म्हणाली होती. मध्येच थांबून ती एखाद्या घरातून येणारा बांगडा तळल्याचा वास घ्यायची, डोळे मिटून. मी तिला ओढून पुढे न्यायचे.

घरी दोघं भावंडं समोरासमोर बसून उकडलेला दुधी खायची आणि भांडायची. तू लहानपणापासून खादाड, असं बाबा म्हणायचे. तुझ्यामुळे मला हे गवत गिळावं लागतंय, असं ती म्हणायची. पण बाबा खंगत होते. कधी कधी ते बरळायचे, आईला ओळखायचे नाहीत. लिव्हर काम करेनासं झालं की घाण रक्तात साठून डोक्यात जाते. शुद्ध असताना एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, की चरबी उतरली नाही तर बरं होईल, निदान तिच्या पोटावर सुरी तरी चालणार नाही. मला त्यांचा इतका राग आला, की मी उठून निघून गेले. गॅलरीत जाऊन रडले.

तिसरा स्कॅन चांगला आला. डॉक्टरांनी आत्याला उभं राहून नमस्कार केला आणि ती लाजली, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ऑपरेशन झालं. दोघं शुद्धीवर आली. आत्याने पहिली चौकशी भावाची केली आणि दुसरी जेवणाची.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की विषाणू रक्तात आहे तसाच राहणार आणि नव्या लिव्हरमध्येही घर करणार. तसंच झालं. तोवर मी शिक्षण संपवून त्यांच्याच संशोधन विभागात लागले होते. रक्ताचे नमुने गोठवून ठेवायचे, देणाऱ्यांचं लिव्हर कसं वाढतं आणि घेणाऱ्यांचं कसं टिकतं ते वर्षानुवर्षं बघायचं, हे आमचं काम. आत्या तपासणीला यायची ती लग्नाला निघाल्यासारखी, गजरा माळून. तिचं लिव्हर पूर्ववत झालं होतं, आणि ते ती रांगेतल्या अनोळखी माणसांनाही सांगायची. पण बाबांमधल्या तिच्या तुकड्यावर व्रण दिसायला लागले. ते कळल्यावर तिने बाबांना असं काही झापलं, की नर्स धावत आली.

"चांगला लिव्हर दिलंय मी तुका," ती गावच्या बोलीत म्हणाली, "आणि तुका ता सांभाळूक येना नाय?"

बाबा बिचारे मान खाली घालून बसले. तेव्हाचं औषध म्हणजे इंजेक्शनं, आणि ती घेतली की बाबा तापाने फणफणायचे, डॉक्टरांना ती मध्येच थांबवावी लागली. आम्ही विभागात परदेशातल्या नव्या गोळ्यांबद्दल वाचायचो आणि एकमेकांकडे बघायचो. मग त्या गोळ्या इथे आल्या, इथेच बनायला लागल्या. बाबांनी त्या घेतल्या आणि काही महिन्यांत विषाणू सापडेनासा झाला. रिपोर्ट मी स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि आत्याला फोन केला. ती एवढंच म्हणाली, की बरं झालं, भाडेकरू निघाला.

त्यानंतरची वर्षं मला फार सुखाची वाटतात. दोघं मार्व्याहून होडीने मनोरीला जायची, मासळी आणायची, पथ्यावरून भांडायची. शरीराने परकं लिव्हर नाकारू नये म्हणून बाबांना सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. गोळीची वेळ झाली की आत्या वाकोल्याहून फोन करायची.

मागच्या वर्षी आत्या गेली. हृदयाचा झटका. लिव्हर दिल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही ना, हे मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, तरी पुन्हा विचारलं.

स्मशानातून आल्यावर बाबा आंघोळ करून गॅलरीत बसले. संध्याकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. एरवी माझ्याशी ते शहरी मराठीत बोलतात. त्या दिवशी गावच्या बोलीत बोलले.

"ती गेली," पोटावर हात ठेवून ते म्हणाले, "आणि ह्या आत चालूच आसा. ह्येका कळूक नाय?"

मी इतकी वर्षं हेच काम करते. तरी मी नुसती गोळी पुढे केली. त्यांनी गोळीचा हात बाजूला सारला. आज नको म्हणाले, उद्याही नको. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी फटकन बोलते.

"ते तुमचं नाही, बाबा. तिचं आहे. तुम्हाला टाकता येणार नाही."

बाबा मोठ्याने रडले. स्मशानातही रडले नव्हते. आणि रडतारडताच त्यांनी हात पुढे केला.